तीन घरांत ठेवलेलं लग्न

तुळशीराम भोपी यांना पाण्याची भीती होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. जुन्या पनवेलात तळ्याच्या अंगाला त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. त्या दुकानात जमिनीपासून चार फुटांपर्यंत आजही काही ठेवलेलं नसतं. खालचे कप्पे रिकामे. नवं गिऱ्हाईक विचारतं, माल संपला का. ते म्हणतात, "नाय. ती पाण्याची जागा हाय."

२००५च्या जुलैत पाणी त्या दुकानात दीड दिवस उभं होतं. सोळा वर्षांच्या लग्नांच्या कॅसेटी त्यात बुडाल्या. ओसरल्यावर त्यांनी एकेक उघडून टेप गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर टाकल्या. ऊन पडलं, चिखल सुकला, आणि सुकलेल्या चिखलाबरोबर टेपवरची माणसंही पापुद्र्यासारखी गळून पडली. खाली उरली ती स्वच्छ, चकचकीत, कुणीच नसलेली पट्टी. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. नंतर बरेच दिवस ते कुणाच्या लग्नाला जेवले नाहीत. शूटिंग करायचे आणि निघायचे.

त्यानंतर एका जागेवर त्यांचा विश्वास बसेना. जे काही शूट होईल ते डिस्कवर घ्यायचं आणि तीन घरांत ठेवायचं, असा त्यांनी नेम केला. एक प्रत सुकापूरला स्वतःच्या घरी, एक ओव्याला बहिणीकडे, गोदूकडे, आणि एक आपट्याला भगवानकडे. भगवान हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, घर नदीच्या गावात पण चढावर. दर रविवारी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत डिस्का घालून ते ही फेरी करायचे. भगवान म्हणायचा, "सात-आठशे लग्नं माझ्या माळ्यावर झोपवलीस रं, आन मी खाली एकटा विधुर."

पुढे त्यांच्या पुतणीनं, स्नेहलनं, ती फेरी बंद केली. स्नेहल महाप्याला एका कंपनीत लोकांचा डेटा सांभाळण्याच्याच कामावर आहे. तिनं तिन्ही घरांत एकेक छोटं मशीन बसवलं आणि ती इंटरनेटवरून एकमेकांना जोडून दिली. दुकानात ठेवलेली फाइल आपोआप तिन्हीकडे जायची. गोदूनं तिच्या मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला आणि दसऱ्याला हळदकुंकू लावलं. शेजारीण विचारायला आली तर गोदू सांगायची, "दादाची लग्नं हायत त्यात. हात नको लावू, वऱ्हाड उठंल."

मागच्या दिवाळीत स्नेहल फराळाला आली ती लॅपटॉप घेऊनच.

"काका, नवीन व्हर्जन आलंय. नीट ऐका, कारण एकदा केलं की मागे नाही येता येत. आता तिन्ही घरांत पूर्ण कॉपी नसेल. प्रत्येक फाइलचे तुकडे होणार, एका घरात एक. कुठलीही दोन घरं शाबूत असली की फाइल पूर्ण मिळते."

"आन तिसरं बुडलं तर?"

"नवी डिस्क लावायची. उरलेली दोन घरं मिळून तिसऱ्याचा तुकडा परत तयार करतात."

"आपोआप?"

"आपोआप. तुम्ही झोपलेले असाल तेव्हासुद्धा."

त्यांनी चकली हातातच धरली होती. स्नेहल पुढे म्हणाली, "आणि एक लॉक आलंय. मुदत घातली की त्या मुदतीत फाइल पुसलीच जात नाही. व्हायरस येऊ दे, कोणी चुकून डिलीट दाबू दे. पण मग तुम्हालाही पुसता येणार नाही. मलाही नाही. ज्यांनी बनवलंय त्यांनाही नाही."

"मुदत किती घालता येते?"

"कितीही. आमच्याकडे सात वर्षं घालतात."

"तीस घाल."

"काका, तुम्ही ब्याण्णव वर्षांचे असाल!"

"मी नसेन. लग्नं असतील."

तिनं तीस घातलं. त्या संध्याकाळी ते गच्चीत बराच वेळ उभे होते. वीस वर्षं जी गोष्ट ते मागत होते ती कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून बनवली होती, आणि ती आता त्यांच्याकडे होती.

नव्या व्हर्जनमध्ये आणखी एक सोय होती. प्रत्येक लग्नाची लिंक काढता यायची, आणि ज्याला पाठवू त्याला ते लग्न फोनवर दिसायचं. जानेवारीत तुळशीरामांनी आठशे सत्तर घरांना लिंका पाठवल्या. ऑर्डर ज्यानं दिली त्याचा नंबर त्यांच्याकडे होता, त्यालाच पाठवली. आमच्याकडे ऑर्डर बहुतेक मुलाचा बाप देतो. यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. दोन दिवस फोन वाजत राहिला. विमानतळाच्या जागेत गेलेल्या एका गावचा म्हातारा बुधाजी दुकानात येऊन त्यांच्या पाया पडू लागला. लग्न त्याच्या मुलाचं होतं, पण त्यानं पाहिलं ते मांडवामागचं स्वतःचं अंगण.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, किशोरी आली.

सदतीस-अडतिसाची बाई. सुकापूरला पोळी-भाजी केंद्र चालवते. कोपरापर्यंत पीठ तसंच होतं.

"तुळशीमामा, वळखलंत का?"

त्यांनी ओळखलं होतं. ती बसली नाही. फोन काढून तिनं काउंटरवर ठेवला.

बावीस सेकंदांचा तुकडा होता. मांडव. एकोणीस वर्षांची नवरी मांडवाच्या मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी. निघायची वेळ झालेली. चार बायका तिच्या भोवती, आणि त्या तिची बोटं एकेक करून मेढीवरून सोडवतायत. एक सुटलं की दुसरं घट्ट होतंय. त्यावर कुणीतरी गमतीचं गाणं लावलं होतं, आणि खाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या इमोजींची ओळ.

"जुन्या सासरच्या पुतण्यानं टाकलाय. गावभर झालं, मग कॉलेजात. प्रांजलला तिच्या मैतरणीनं पाठवला. मना म्हंगाली, आई, ही तूच ना?" प्रांजल तिची मुलगी, सतरा वर्षांची, त्याच लग्नाची. "मी काय सांगू? म्हंगलं, सगल्याच रडतात."

तुळशीरामांनी चेहऱ्याआधी ओळखला होता तो शॉट. बावीस सेकंद हात न हलवता त्यांनी कॅमेरा बोटांवर नेला होता. मे २००६. त्या वर्षीचं त्यांचं सगळ्यांत चांगलं काम.

सगळ्याच रडतात हे खरं होतं. किशोरी रडत नव्हती हेही त्यात दिसत होतं. ती ओठ मिटून फक्त धरून होती. तीन वर्षांनी ती लहान पोरीला घेऊन माहेरी परत आली, आणि २०१०मध्ये याच काउंटरशी येऊन तिनं आपल्या लग्नाची टेप मागितली. तुळशीरामांची एक रीत होती, तिला नाव नव्हतं. ज्या बाईचं लग्न मोडलं ती आली आणि तिनं टेप मागितली, तर एक शब्द न विचारता द्यायची. तिच्याआधी सहाजणी येऊन गेल्या होत्या. त्यांनी त्यांची नावं घरातही सांगितली नाहीत.

"मी ती जाळली, मामा. परसात, नारळाच्या सोडणात. माझ्या हातानं."

"दिली होती, बाय. खरीच दिली होती मी."

"मंग हा कुठून आला?"

 टेप देताना त्यांनी फसवलं नव्हतं. टेप दिली म्हणजे लग्न दिलं, असंच त्यांच्या मनात होतं. तीन घरांतल्या प्रती ही पाण्याविरुद्धची गोष्ट होती. किशोरीचा आणि त्या प्रतींचा काही संबंध आहे, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या सहाजणींचाही.

त्यांनी तिला तेच सांगितलं, जसं आहे तसं. तीन घरांची नावं, आणि लिंक तिच्या जुन्या सासऱ्याला गेली हेसुद्धा.

किशोरी ऐकत होती. मग म्हणाली, "फिरतोय तो फिरू दे. चार दिसांनी त्यांना दुसरं कोण गावंल हसायला. पन तुमच्याकडं नको. तुमी त्याला जपलाव. पोरीला घेऊन मी आईच्या पडवीत निजले, मना एक घर धड नव्हतं, आन माझ्या त्या दिवसाला तीन घरं?"

"काढतो."

"शब्द?"

"शब्द."

ती गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला, तिच्या लग्नाची फाइल शोधली आणि डिलीट दाबलं. पडद्यावर शांतपणे उमटलं की ही फाइल नोव्हेंबर २०५४पर्यंत सुरक्षित आहे.

स्नेहल फोनवर म्हणाली, "काका, मी सांगितलं होतं."

"तू सांगितलं होतंस."

"ते काढायचा रस्ता नाहीये. नसणं हाच त्याचा गुण आहे."

तुळशीराम मशीन समजून न घेणाऱ्यांतले नव्हते, पण दुःखात माणूस आधी हाताचं ऐकतो. दुसऱ्या दिवशी ते ओव्याला गेले, गोदूच्या मशीनवरचा रुमाल बाजूला केला, आतली डिस्क काढून खिशात घातली. मशीन रिकामं दिसू नये म्हणून कोरी डिस्क आत ठेवली.

"दादा, वऱ्हाड नेलंस?" गोदूनं विचारलं.

"एकच लग्न नेतोय."

दोन दिवसांनी दुकानात पडद्यावर हिरवी पट्टी होती. ओवे, दुरुस्ती पूर्ण. त्यांनी यादी उघडली. सुकापूर आणि आपटा यांनी मिळून ओव्याचे सगळे तुकडे नव्यानं तयार केले होते, त्यात किशोरीच्या लग्नाचाही. जखम भरावी तसं. तुळशीराम त्या हिरव्या पट्टीकडे पाहत राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पाण्याची आठवण वैऱ्यासारखी आली नाही.

रस्ता एकच उरला होता, आणि तो स्नेहलनं सांगितला. तीन नव्या डिस्का आणायच्या. हे एक लग्न सोडून बाकी सगळी लग्नं त्यांवर उतरवायची. मग जुन्या तिन्ही डिस्का हातानं मोडायच्या. "लॉक सॉफ्टवेअरला थांबवतं," ती म्हणाली, "हातोड्याला नाही." त्या सहाजणींची लग्नंही मागे ठेवायची, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तिनं कोण त्या हे विचारलं नाही.

लग्नं उतरत होती तेव्हा नीट चालतायत का पाहायला त्यांनी एक उघडलं. २००८चं, करंजाड्याचं कुठलंतरी लग्न. सुरुवातीला त्यांच्या दुकानाची नावाची पट्टी. समई, शहाळं, हळदीनं भरलेले पाय, आणि मग मेढीवरची बोटं. चार सेकंद. त्यावर सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव.

त्यांनी दुसरं उघडलं. समई, शहाळं, पाय, बोटं. तिसरं. त्यांना आठवलं. तो शॉट इतका चांगला होता की त्यांनी तो दुकानाच्या नावाच्या पट्टीत घातला होता, आणि ती पट्टी २००६पासून २०११पर्यंतच्या प्रत्येक लग्नाच्या डोक्यावर होती. त्यांनी मोजलं. तीनशे बारा.

"चेहरा दिसत नाही, काका," स्नेहल म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता, पण कठोरपणा नव्हता. "चार सेकंद. ती बोटं कुणाचीही असू शकतात. आणि प्रत्येक फाइल उघडून कापून परत सेव्ह करायची म्हणजे तुमचं वर्ष जाईल. तिला माहीतच नाहीये."

"स्वतःचे हात माणूस वळखतो."

"कधी बघणार ती दुसऱ्यांची लग्नं?"

 दुपारी ते सुकापूरला केंद्रावर गेले. किशोरी पोळ्या लाटत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तिचं लाटणं थांबलं नाही.

"कितीत?"

"तीनशे बारा."

तिनं पोळी तव्यावर टाकली. मग एकदम, कोरडं, हसली. "तीनशे बारा लग्नांत हाय मी? आन जेवायला बोलावलं नाय कुणी."

"लोकांकडं डीव्हीडी हायत, त्या मी नाय आणू शकत."

"लोकांच्या कपाटात तुमी काय घुसणार. तुमच्या घरातलं काढा." तव्यावरची पोळी उलटून ती म्हणाली, "पयली कापाल ती मना बघायचीय."

सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी ती आली. आत एकच स्टूल होतं, ते त्यांनी तिला दिलं. पट्टी सुरू झाली. समई, शहाळं, पाय. बोटं आल्यावर त्यांनी चित्र थांबवलं.

"ही सोनाबाय," एका जाड कांकणांच्या हातावर तिनं बोट ठेवलं. "माझी आत्या. हिनं पयलं बोट सोडवलं. ही मावशी. हिची बोटं नुसती टेकलीत बघा, ही मनापासून नव्हती." तिनं बोट पडद्यावरून काढलं. "सगली हसत व्हती, मामा. तुमी बी."

"मी कॅमेऱ्यामागं होतो."

"मना दिसत व्हते तुमी. तेवढ्या माणसांत तुमी एकटे माझ्या हाताकडं बघत व्हते. मना वाटलं, ह्याला कललं. हा कायतरी बोलंल."

दुकानात पंखा फिरत होता. तुळशीरामांना आपल्या उजव्या हाताचा अंगठा आठवला. झूमच्या बटणावर तो किती सावकाश दाबला होता, चित्राला हिसका बसू नये म्हणून.

"मी जवळ गेलो," ते म्हणाले. "कॅमेऱ्यानं."

"हां," किशोरी म्हणाली. "कापा आता."

त्यांनी कापलं. ती उठली, पदरानं स्टूल पुसलं, का कोण जाणे, आणि गेली.

ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास. नावाच्या पट्टीत बोटांच्या जागी त्यांनी काहीही घातलं नाही. पायांनंतर चार सेकंद काळोख, आणि मग दुकानाचं नाव. आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका त्यांनी बंद केल्या होत्या, त्यामुळे लोक चिडले. "भोपीशेट, लग्न आमचं आन कुलूप तुमचं?" कुणीतरी बाजारात सगळ्यांसमोर म्हणालं. बुधाजी तर रडकुंडीला येऊन दारात बसला. अंगण दाखव म्हणाला, एवढंच मागनं तुझ्याकडं. त्याच्या मुलाचं लग्न २००९चं होतं. तुळशीरामांनी त्याची फाइल रांगेत पुढे घेतली, पण तरी दोन आठवडे लागले. हे सगळं कशासाठी, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक समजलेही असते, पण मग समजणाऱ्या प्रत्येक घरात किशोरी पुन्हा मेढीला उभी राहिली असती. म्हातारा झालाय, मशीन झेपत नाही, असं लोकांनी ठरवलं. त्यांनी ठरवू दिलं.

मे उलटला. पाऊस आला, लागला, सरत आला. नव्या डिस्कांवर लग्नं चढत गेली. मुदतीचं लॉक त्यांनी घालू दिलं नाही. स्नेहल म्हणाली, "मग कोणी चुकून पुसलं तर?" ते म्हणाले, "तर माझी चूक म्हण. चुकता आलं पायजे."

सप्टेंबरमध्ये तीनशे बारावं लग्न संपलं. त्या आठवड्यात ते आपट्याला गेले. भगवाननं माळ्यावरची जुनी डिस्क स्वतः काढून दिली. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं होतं, तुळशीरामांचा चेहरा पाहून चहाच टाकला. गोदूकडून त्यांनी दोन डिस्का घेतल्या, आधी काढलेली आणि नंतर भरून आलेली. सुकापूरची धरून चार झाल्या. एका फडक्यात बांधून ते ग्रिल बनवणाऱ्याच्या कारखान्यात गेले. सुकापूरलाच, केंद्राच्या मागच्या गल्लीत. किशोरीला निरोप होता. ती हात पुसत आली.

कारागिरानं पहिली डिस्क शिकंज्यात धरली. ड्रिल तिच्यात उतरलं तेव्हा आवाज बदलला, वरचं पत्र्याचं कवच संपून आतली चकती लागली तसा. चंदेरी भुगा पडला. प्रत्येकीला तीन भोकं. तुळशीरामांनी एकेक हातात घेऊन भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिलं. अडीच मिनिटांत एक, चारांना दहा. तीस वर्षं त्यात संपली.

"झालं?" किशोरीनं विचारलं.

"झालं. माझ्याकडं आता कुठंच नाय."

"डोक्यात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं आणि तिला ते कळलं असतं.

"तिथं हाय."

कारखान्यात दुसऱ्या बाजूला वेल्डिंग सुरू झालं होतं. ठिणग्यांकडे पाठ करून ती उभी होती. 

"तिथं राहू द्या," ती म्हणाली. "तिथनं काढू नका. बाकी सगल्यांनी गम्मत बघितली. तुमी हात बघितले व्हते. एका कुनाला तरी ठावं असू दे, मी धरलं व्हतं म्हनून."

कारागीर विचारत होता, हे भंगारात टाकू का. तुळशीरामांनी मान हलवली. किशोरीनं घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या चाळीस डब्यांची कणीक अजून मळायची होती. ती गल्लीतून भराभर चालत गेली, आणि ते वळणापर्यंत तिच्याकडे पाहत उभे राहिले.